हातात दिलेलं किट परत यायला हवं: कम्युनिटी क्लिनिकमध्ये कोलन कॅन्सरचं स्क्रीनिंग कसं वाढवायचं

अमेरिकेतल्या कम्युनिटी हेल्थ सेंटरमध्ये, म्हणजे उत्पन्न बघून फी घेणाऱ्या क्लिनिकमध्ये, आपले मराठी लोक बरेच आहेत, कुणी नर्स, कुणी मेडिकल असिस्टंट, कुणी फार्मसीत, कुणी एमपीएच (पब्लिक हेल्थमधली मास्टर्स) करता करता व्हॉलंटियर. या सगळ्यांना कधी ना कधी मीटिंगमध्ये तो आकडा दाखवला जातो, की आपलं कोलोरेक्टल स्क्रीनिंग (त्रास नसताना करायची मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची तपासणी) अमुक टक्के आहे, वाढवा. कसं वाढवायचं हे सहसा कुणी नीट सांगत नाही, मग सगळे मिळून एक पोस्टर लावतात, मार्च महिन्यात निळे कपडे घालून फोटो काढतात आणि आकडा तिथेच राहतो. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय, ज्या क्लिनिकमध्ये निम्मे पेशंट बिनइन्शुरन्सचे, बरेचसे तासावर काम करणारे आणि इंग्रजी जेमतेम असणारे आहेत, तिथल्यासाठी.

आधी थोडक्यात परिस्थिती. अमेरिकेत कॅन्सरने होणाऱ्या मृत्यूंमध्ये स्त्री-पुरुष मिळून धरलं तर मोठ्या आतड्याचा कॅन्सर दुसऱ्या नंबरवर आहे, वर्षाला 50 हजारांवर माणसं जातात. गाठ आतड्यापुरती असताना सापडली तर पाच वर्षांनी 90 टक्क्यांच्या आसपास लोक जिवंत असतात, लांब पसरल्यावर सापडली तर 15 टक्क्यांच्या आसपास. त्यात हा कॅन्सर बहुतेक वेळा पॉलिपपासून, म्हणजे आतड्याच्या आतल्या बाजूला वाढणाऱ्या छोट्या कोंबापासून, हळूहळू, कित्येक वर्षं घेऊन तयार होतो, म्हणजे पॉलिप असतानाच काढला तर कॅन्सर होतच नाही. मे 2021 पासून स्क्रीनिंगचं वय 50 वरून 45 वर आणलंय, 45 ते 75 सगळ्यांनी करायचं, 76 ते 85 मध्ये माणूस बघून ठरवायचं. देशभर 80 टक्क्यांचं ध्येय ठेवलंय, आणि हेल्थ सेंटर्स कोविडमध्ये जी 40 च्या आसपास घसरली ती तिथून फार वर आलेली नाहीत.

आता एक गोष्ट डोक्यातून काढून टाका, ती म्हणजे "आमचे पेशंट तयारच होत नाहीत". टेक्सासमध्ये फोर्ट वर्थला बिनइन्शुरन्सच्या पेशंटवर मोठा अभ्यास झाला, 2013 ला छापून आला. नेहमीसारखं डॉक्टरने आठवण आली तर सांगितलं त्या गटात 12 टक्के लोकांनी स्क्रीनिंग केलं, कोलोनोस्कोपीचं (नळी घालून आतडं आतून बघायची तपासणी) आमंत्रण पाठवून मागे लागले तिथे साधारण 25 टक्के, आणि घरी फिट किट (शौचातला न दिसणारा रक्ताचा अंश शोधणाऱ्या टेस्टचं) पाठवून मागे लागले तिथे जवळजवळ 41 टक्के. पेशंट तेच, शहर तेच, हॉस्पिटल तेच. फरक पडला तो क्लिनिकने काय केलं त्याने.

सुरुवात शेवटापासून करा

हे बहुतेक ठिकाणी उलटं होतं. आधी किट वाटतात, मग कुणाचा तरी रिझल्ट पॉझिटिव्ह येतो आणि मग शोधाशोध सुरू, की याला इन्शुरन्स नाही, याची कोलोनोस्कोपी कोण करणार. पॉझिटिव्ह फिटनंतर कोलोनोस्कोपी झाली नाही तर ते स्क्रीनिंग अर्धवट राहिलं, आणि पेशंटला उगाच घाबरवून घरी पाठवलं एवढंच काय ते झालं. कैसर परमनंटे या मोठ्या आरोग्य संस्थेच्या पेशंटवरून 2017 मध्ये हे दाखवलं गेलं, की पॉझिटिव्ह आल्यावर कोलोनोस्कोपी 10 महिन्यांच्या पुढे गेली तर कॅन्सर सापडायचं आणि तोही पुढच्या स्टेजचा सापडायचं प्रमाण वाढतं. तेव्हा माझ्या मते कोलोनोस्कोपीची सोय लागल्याशिवाय मोठ्या प्रमाणावर किट वाटूच नयेत, मॅनेजरला वाईट वाटलं तरी चालेल.

सोय कशी लावायची? आधी हिशोब करा. वर्षाला 1000 किट परत येतील असं धरलं तर त्यातले साधारण 50 ते 70 पॉझिटिव्ह येतील, म्हणजे महिन्याला पाच-सहा कोलोनोस्कोपी. हा आकडा घेऊन जवळच्या गॅस्ट्रो (पोटविकाराच्या डॉक्टरांच्या) ग्रुपकडे किंवा काउंटी हॉस्पिटलकडे गेलं की बोलणं सोपं होतं, कारण "आमच्या गरीब पेशंटचं काहीतरी करा" म्हटलं की समोरच्याला वाटतं आता पाचशे जण येणार, आणि "महिन्याला सहा" म्हटलं की माणूस कॅलेंडर उघडतो. नॉन-प्रॉफिट हॉस्पिटलला आर्थिक मदतीची लेखी पॉलिसी ठेवावीच लागते, तिचा फॉर्म आणून ठेवा आणि तो भरायला पेशंटच्या शेजारी बसणारं कुणीतरी ठरवून ठेवा, कारण तो फॉर्म घरी नेलेला सहसा परत येत नाही. राज्याच्या आरोग्य खात्याचा काही कार्यक्रम आहे का तेही विचारा, काही राज्यांत सीडीसीच्या (केंद्र सरकारची रोगनियंत्रण संस्था) पैशातून क्लिनिकना मदत मिळते.

इन्शुरन्स असलेल्यांचं वेगळं. आधी व्हायचं काय, की स्क्रीनिंग फुकट पण फिट पॉझिटिव्ह आल्यावरची कोलोनोस्कोपी "डायग्नॉस्टिक" धरून बिल यायचं, आणि ते एक बिल आलं की त्या गल्लीतले दहा लोक टेस्ट करत नाहीत. आता बहुतेक प्रायव्हेट प्लॅनना 31 मे 2022 नंतर सुरू होणाऱ्या प्लॅन वर्षापासून ही कोलोनोस्कोपीसुद्धा फुकट द्यावी लागते आणि मेडिकेअरला, म्हणजे मुख्यतः 65 वरच्यांच्या सरकारी इन्शुरन्सला, 1 जानेवारी 2023 पासून. तपासणीत पॉलिप काढला तर मेडिकेअरमध्ये थोडा हिस्सा अजून भरावा लागतो. हे बिलिंगवाल्यांना माहीत असतं, फ्रंट डेस्कला नसतं, आणि पेशंट विचारतो फ्रंट डेस्कला. त्यांना सांगा.

यादी काढा, पण ती चाळून घ्या

सिस्टीममधून 45 ते 75 मधले, स्क्रीनिंग बाकी असलेले असे पेशंट काढले की भली मोठी यादी येते आणि सगळे हबकतात. त्यातल्या बऱ्याच जणांची कोलोनोस्कोपी दुसरीकडे झालेली असते, फक्त रिपोर्ट आपल्याकडे नसतो. दोन दिवस एका माणसाला फोन आणि फॅक्सवर बसवून ते रिपोर्ट मागवा, एकही किट न देता आकडा सुधारतो. ही लबाडी नाही, झालेलं काम नोंदवणं आहे.

मग काही जणांना बाजूला काढायचं, कारण त्यांना फिट द्यायचीच नसते. ज्यांना संडासवाटे रक्त जातंय, वजन घटतंय किंवा कारण नसताना रक्त कमी झालंय त्यांना स्क्रीनिंग नको, सरळ डॉक्टरकडे आणि तपासणीला. ज्यांच्या आई-वडील, भावंडं किंवा मुलांपैकी कुणाला हा कॅन्सर झालाय, ज्यांना आधी पॉलिप निघालेत, ज्यांना क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस हा आतड्याला कायमची सूज आणणारा आजार आहे, त्यांनाही कोलोनोस्कोपीच. घरातल्या आजाराचा प्रश्न नीट विचारा. "फॅमिली हिस्टरी आहे का" म्हटलं की लोक नाही म्हणतात, "घरात कुणाला पोटाचा, आतड्याचा कॅन्सर झाला होता का, कुणाचं पोटाचं ऑपरेशन होऊन पिशवी लावली होती का" असं विचारलं की मग काका आठवतात, बहीण आठवते.

कुठली टेस्ट

सॅन फ्रान्सिस्कोच्या पब्लिक क्लिनिक्समध्ये साधारण हजार लोकांना तीन गटांत टाकून बघितलं होतं, निकाल 2012 ला आला. ज्यांना फक्त कोलोनोस्कोपी सुचवली त्यातल्या 38 टक्क्यांनी काहीतरी स्क्रीनिंग केलं, ज्यांना शौचाची टेस्ट सुचवली त्यातल्या 67 टक्क्यांनी, आणि ज्यांना दोन्हीतलं निवडा म्हटलं त्यातल्या 69 टक्क्यांनी. तरी अजून कितीतरी डॉक्टर कोलोनोस्कोपीचा रेफरल टाकतात आणि मोकळे होतात. कोलोनोस्कोपी चांगलीच आहे, नॉर्मल आली तर 10 वर्षं सुट्टी, पण त्यासाठी एक दिवस आधीपासून जेवण बंद, रात्रभर संडास, दुसऱ्या दिवशी कामावर खाडा आणि घरी न्यायला कुणीतरी मोठं माणूस लागतं. तासावर राबणाऱ्या आणि एकट्या राहणाऱ्या माणसाला हे सगळं जुळवणं म्हणजे दिव्य असतं.

फिट दर वर्षी करायची, घरी करायची, बहुतेक ब्रँडमध्ये एकच सॅम्पल लागतं, खाण्याचं पथ्य नाही, गोळ्या बंद करायच्या नाहीत. खर्च साधारण 20 डॉलर. शौचाचीच डीएनएवाली टेस्ट दर तीन वर्षांनी चालते पण किंमत 500 डॉलरच्या वर, त्यामुळे बिनइन्शुरन्सवाल्यांसाठी विषयच संपला. रक्ताच्या टेस्टबद्दल पेशंट विचारतात, जुलै 2024 मध्ये एकीला एफडीएची (औषधं-टेस्ट मंजूर करणारी सरकारी संस्था) मंजुरी मिळालीये, कॅन्सर ती बऱ्यापैकी पकडते पण मोठे पॉलिप तिच्यात बहुतांशी निसटतात, म्हणून जो बाकी काहीच करणार नाही त्याच्यासाठी ठीक. आणि एक सांगून ठेवतो, डॉक्टरने तपासताना ग्लोव्हला लागलेल्या शौचावर ऑफिसमध्येच केलेली टेस्ट स्क्रीनिंग म्हणून चालत नाही, ती मोजलीही जात नाही. जुन्या डॉक्टरांना ही सवय असते, प्रेमाने सोडवा.

डॉक्टरची वाट बघू नका

डॉक्टरकडे 15 मिनिटं असतात, त्यात डायबेटिस, बीपी, गुडघा आणि मुलाचा जॉब गेल्याचं टेन्शन. स्क्रीनिंग तिथे शेवटी येतं, म्हणजे येतच नाही. म्हणून स्टँडिंग ऑर्डर करून घ्या, मेडिकल डिरेक्टरच्या सहीचा एक कागद, की वय बसतंय, लक्षणं नाहीत, घरात कुणाला नाही, तर मेडिकल असिस्टंट किंवा नर्सने स्वतःच किट द्यायचं. सकाळच्या हडलमध्ये (दिवस सुरू करतानाच्या छोट्या मीटिंगमध्ये) त्या दिवशीच्या यादीत कुणाचं बाकी आहे ते बघायचं आणि किटवर आधीच नाव-जन्मतारखेचं लेबल लावून ठेवायचं. डॉक्टरने आत फक्त एक वाक्य बोलायचं, "ती टेस्ट जरूर करा हां", त्या एका वाक्याचं वजन फार असतं.

फ्लू शॉटच्या सीझनला फ्लूच्या इंजेक्शनबरोबर किट देण्याची युक्तीही सॅन फ्रान्सिस्कोतूनच आली आणि आता बऱ्याच ठिकाणी चालते. माणूस तसाही दंड पुढे करून बसलेला असतो, ऐकून घेतो.

बोलायचं काय

इथे खरी मजा आहे. आपल्यापैकी ज्यांना हिंदी-मराठी येतं त्यांना क्लिनिकमध्ये देशी पेशंट आले की हाक मारतातच, तर तिथलंच उदाहरण घेऊ. मुलाकडे ग्रीन कार्डवर आलेले साठीतले काका, मेडिकेअर नाही, स्लायडिंग फीवर (उत्पन्नाप्रमाणे कमी-जास्त फी) क्लिनिकला येतात, आणि समोर आपली एक मराठी नर्स.

"काका, एक घरी करायची टेस्ट देतेय, आतड्याच्या कॅन्सरची."
"मला काही त्रासच नाही गं, पोट रोज साफ होतं."
"त्रास नसतो तेव्हाच करायची असते काका, त्रास व्हायला लागला की उशीर झालेला असतो."
"पण आपल्यात कुठे असतो हा आजार, आपण शाकाहारी."
"शाकाहारी लोकांनाही होतो. आणि झालाय असं मी म्हणतच नाहीये, नाहीये हे बघायचंय."
"म्हणजे ते... संडासचं? शी, ते कोण करणार."
"काडीच्या टोकाला लागेल एवढंच, हात लागत नाही. पाच मिनिटांचं काम. नाहीतर मग नळी घालून करतात ती टेस्ट, ती हवी का?"
"नको नको, हेच दे."

हसू येतं पण यात सगळं आहे. पोट साफ होतं म्हणजे सगळं ठीक, रक्त दिसलं तर मूळव्याध असणार, आपल्यात नसतो, आणि किळस. प्रत्येक समाजाचं उत्तर थोडं वेगळं निघतं. लॅटिनो पुरुषांमध्ये बऱ्याचदा नळीच्या तपासणीचा संकोच पुरुषपणाशी जोडलेला असतो. काळ्या पेशंटमध्ये, ज्यांच्यात या कॅन्सरने मरण्याचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा जास्त आहे, मेडिकल सिस्टीमवरचा अविश्वास असतो आणि तो उगाच नाही, टस्कीगीमध्ये 1932 ते 1972 सरकारी डॉक्टरांनी सिफिलिसच्या काळ्या पेशंटना उपचाराविना ठेवून नुसतं बघत बसण्याचं काम केलं होतं. तिथे भाषण देऊ नका, ऐका. 'ब्लॅक पँथर'मधला नट चॅडविक बोसमन 2020 मध्ये 43 व्या वर्षी याच कॅन्सरने गेला हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पेशंटने स्वतः विषय काढला तर तिथून बोलणं पुढे जातं.

"करणार का?" असं विचारू नका, "घरी करणार की कोलोनोस्कोपी?" असं विचारा. भीती घालू नका, गरीब माणसाला भीती घातली की तो पुढच्या अपॉइंटमेंटलाच येत नाही. आणि भाषा येत नसेल तर इंटरप्रीटरची लाइन लावा, दहा वर्षांच्या नातीला आजीच्या शौचाबद्दल भाषांतर करायला लावू नका. लहान मुलांना इंटरप्रीटर म्हणून वापरायला इमर्जन्सी सोडली तर कायद्यानेही मनाई आहे.

किट उघडून दाखवा

पाकीट हातात देऊन "आत सगळं लिहिलंय" म्हणणं म्हणजे काहीच न सांगणं. एक डेमो किट टेबलवर उघडं ठेवा. कमोडमध्ये पाण्यावर पसरायचा कागद, त्यावर शौच पडायला पाहिजे, आणि आपल्या लोकांना मुद्दाम सांगा की सॅम्पल घेईपर्यंत जेट किंवा लोट्याचं पाणी नको. मग बाटलीचं झाकण फिरवून काडी बाहेर, काडीच्या टोकाला खाचा असतात, ती चार-पाच ठिकाणी टोचायची किंवा घासायची, खाचा भरल्या की बास, जास्त भरलं तर टेस्ट बिघडते. काडी परत बाटलीत, टक् आवाज येईपर्यंत बंद, पुन्हा उघडायची नाही. ही काडीवाल्या किटची गोष्ट झाली, ब्रशवाल्या किटमध्ये कागद नसतो, ब्रश पाण्यातल्या शौचावर फिरवतात, तेव्हा तुमच्याकडे जे आहे तेच शिका आणि सगळ्या साइटवर एकच ब्रँड ठेवा.

बाईची पाळी चालू असेल, मूळव्याधीतून रक्त येत असेल किंवा लघवीतून, तर थांबून मग करायची.

आणि तारीख. सॅम्पल घेतलेली तारीख बाटलीवर नाही म्हणून लॅबने फेकून दिलेली किट्स हा क्लिनिकमधला सगळ्यात फुकटचा तोटा आहे. त्या जागेवर पिवळ्या हायलायटरने खूण करा, पेन सोबत द्या, आणि समजलं का असं न विचारता "आता घरी जाऊन काय काय कराल ते मला सांगा" म्हणा. वाचता न येणाऱ्यांसाठी नुसत्या चित्रांच्या सूचना छापा, ओरेगॉनमधल्या क्लिनिक्समध्ये पोस्टाने किट पाठवायचा जो प्रकल्प झाला त्यात अशा बिनशब्दांच्या सूचना वापरल्या होत्या. सॅम्पल किती दिवस टिकतं ते ब्रँडप्रमाणे बदलतं, पाकिटावर बघा, पण उन्हाळ्यात तापलेल्या मेलबॉक्समध्ये पडून राहिलं तर रक्तातलं हिमोग्लोबिन खराब होऊन खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. फ्लोरिडा, टेक्सास, ॲरिझोनावाल्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये किट क्लिनिकच्या डेस्कवरच आणून द्यायला सांगावं. काहींना ते पाकीट चारचौघांत काउंटरवर द्यायची लाज वाटते, दाराजवळ एक बंद डबा ठेवा, विषय मिटतो.

मागे लागणं

शिकागोच्या एरी फॅमिली हेल्थ सेंटरमध्ये, जिथे बहुतेक पेशंट लॅटिनो आणि बिनइन्शुरन्सचे होते, आदल्या खेपेला टेस्ट निगेटिव्ह आलेल्या 450 लोकांवर हे करून बघितलं. नेहमीच्या पद्धतीत 37 टक्क्यांनी पुढची टेस्ट केली, आणि ज्या गटात टेस्टची वेळ झाली की किट घरी, सोबत ऑटोमॅटिक फोन आणि टेक्स्ट, दोन आठवड्यांनी परत आठवण आणि तीन महिन्यांनी माणसाचा फोन, तिथे 82 टक्के. हे लोक आधी एकदा टेस्ट केलेले होते, नव्या लोकांत इतकं मिळणार नाही, पण वेळापत्रक जसंच्या तसं उचलण्यासारखं आहे. मी फक्त माणसाचा फोन अलीकडे आणेन, चौथ्या आठवड्याला, कारण तोवर किट मायक्रोवेव्हवर पडलेलं असतं, तीन महिन्यांनी ते हरवलेलं असतं.

फोन संध्याकाळी करा, दिवसा हे लोक कामावर असतात. नंबर बदललेला असतो, म्हणून प्रत्येक भेटीत फ्रंट डेस्कने नंबर विचारायचाच. आणि दिलेल्या किटची यादी ठेवा, साध्या एक्सेल शीटवर, दिलं कधी, आलं कधी, रिझल्ट काय, पेशंटला कळवलं कधी. या शीटला एक मालक हवा, सगळ्यांची शीट म्हणजे कुणाचीच नाही.

पॉझिटिव्ह आला तर

हा रिझल्ट पोर्टलवर टाकून मोकळं व्हायचं नाही, फोन करायचा, त्याच आठवड्यात. सांगायचं असं, की शौचात रक्ताचा अंश सापडलाय, बहुतेकांना कॅन्सर निघत नाही, पण रक्त कुठून येतंय ते बघणं भाग आहे. पेशंट हमखास म्हणतो "परत एकदा तीच टेस्ट करू", आणि काही डॉक्टरही हो म्हणतात. नाही. दुसरी निगेटिव्ह आली म्हणून पहिली खोटी ठरत नाही, कोलोनोस्कोपीच करायची.

इथे नॅव्हिगेटर लागतो. ही कल्पनाच मुळी न्यूयॉर्कच्या हार्लेम हॉस्पिटलमधली, डॉ. हॅरल्ड फ्रीमन यांनी 1990 मध्ये सुरू केलेली, की गरीब पेशंटचा हात धरून त्याला टेस्टपासून उपचारापर्यंत नेणारं एक माणूस पाहिजे. डेलावेअर राज्याने नर्स नॅव्हिगेटर नेमले, बिनइन्शुरन्सवाल्यांचं स्क्रीनिंग आणि उपचाराचा खर्चही उचलला, आणि 2001 मध्ये 48 टक्क्यांवर असलेलं काळ्या लोकांचं स्क्रीनिंग 2009 पर्यंत 74 टक्क्यांवर, गोऱ्यांच्या बरोबरीला आलं.

नॅव्हिगेटरने करायची कामं साधीच आहेत पण एकही सुटून चालत नाही. अपॉइंटमेंट स्वतः घ्यायची, पेशंटला नंबर देऊन सोडायचं नाही. पोट साफ करायचं औषध पेशंटने खरंच विकत आणलंय का ते विचारायचं. आदल्या संध्याकाळी अर्धं आणि पहाटे अर्धं हे वेळ घालून सांगायचं, पहाटे तीनला उठायचं असेल तर तीन असंच सांगायचं. रक्त पातळ करायच्या आणि शुगरच्या गोळ्यांचं डॉक्टरला विचारून ठेवायचं. आणि घरी न्यायला कोण? गुंगीचं औषध दिलेल्या माणसाला बऱ्याच ठिकाणी एकट्याला उबरमध्ये बसू देत नाहीत, ऐनवेळी कॅन्सल होणाऱ्या कितीतरी कोलोनोस्कोपी यावरच अडकतात. शेजारी, चर्च, गुरुद्वारा, कुणीही चालतं, फक्त नाव आणि फोन आदल्या दिवशी शीटवर पाहिजे.

निगेटिव्ह आलेल्यांनाही कळवायचं, आणि त्याच फोनवर सांगायचं की पुढच्या वर्षी याच महिन्यात परत. फिटचा फायदा दर वर्षी केली तरच.

मोजायचं ते हे

मॅनेजमेंट एकच टक्केवारी बघते. तुम्ही चार बघा: दिलेल्यातली किती किट परत आली, लॅबने किती नाकारली, पॉझिटिव्हपैकी किती जणांची सहा महिन्यांत कोलोनोस्कोपी झाली, आणि हे तिन्ही भाषेप्रमाणे आणि इन्शुरन्सप्रमाणे वेगळं केलं तर काय दिसतं. स्पॅनिश बोलणाऱ्यांची किट 60 टक्के येतायत आणि नेपाळी बोलणाऱ्यांची 20, असं काही दिसलं तर गडबड नेपाळी पेशंटमध्ये शोधू नका, तुमच्या नेपाळी सूचनेच्या कागदात शोधा.

जाता जाता आपल्या घरचं. ग्रीन कार्डवर आलेल्या आई-वडिलांना 65 पूर्ण असले तरी सलग पाच वर्षं इथे राहिल्याशिवाय सहसा मेडिकेअर विकत घेता येत नाही, आणि व्हिजिटर इन्शुरन्समध्ये स्क्रीनिंग बहुधा बसत नाही. मुलगा आयटीत असला की त्याला कम्युनिटी हेल्थ सेंटर माहीतच नसतं, किंवा ते आपल्यासाठी नाही असं वाटतं. तिथे फी उत्पन्न आणि कुटुंबातली माणसं बघून ठरते, सवलत बसली नाही तरी पेशंट म्हणून घेतात, आणि फिट किट पूर्ण पैसे देऊनही परवडतं. मंडळाच्या गणपतीत हेल्थ कॅम्प लावता तेव्हा बीपी-शुगरच्या टेबलाशेजारी हे टेबल लावायला हरकत नाही, फक्त त्याआधी ते शेवटापासूनचं काम करून ठेवा: पॉझिटिव्ह आलेल्या काकूंची कोलोनोस्कोपी कुठे आणि किती पैशात होणार, हे ज्याला माहीत आहे असा एक माणूस त्या टेबलामागे बसलेला पाहिजे.